अर्जात माणसं आली तेव्हा

वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागण्याआधी मी अकरा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. त्यामुळे कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य सांभाळणारी माणसं तयार करण्यासाठी विद्यापीठांना, कॉलेजांना अनुदान मिळणार असल्याचं परिपत्रक आलं, तेव्हा ते मी उभ्याउभ्याच तीनदा वाचलं. हे आपल्यासाठीच निघालंय, असं मला वाटलं. प्राचार्यांना तसं काही वाटलं नाही. "करा ना अर्ज," ते म्हणाले. "आपल्याकडे कागद भरपूर आहे." मी ती परवानगी समजले.

आठवड्याभरात मी बावीस पानांचा मसुदा तयार केला. प्रयोगशाळा, आवाज मोजायची यंत्रं, धूळ मोजायची यंत्रं, तासांचे तक्ते, सगळं. अर्जात माझ्या जोडीला एक डॉक्टर बाई होत्या. येरवड्याला राहायच्या, आणि कामामुळे होणारे आजार हाच त्यांचा विषय. त्यांनी सगळी पानं शांतपणे वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "छान आहे. यात एकही माणूस नाही."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट मार्केट यार्डात नेलं.

तिथल्या हमालांचे एक मुकादम त्यांच्या ओळखीचे होते. साठीच्या आसपासचे, बोलायला तुटक. कुणाची पाठ धरली, कुणाला खोकला लागला, की हेच त्याला बाईंकडे घेऊन जायचे. मी सवयीप्रमाणे विचारलं, सुरक्षेसाठी तुम्ही काय काय वापरता? त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ट्रककडे वळले. पोती उतरायला सुरुवात झाली होती.

मग मी नुसती बघत राहिले. ट्रक आणि गाळ्याचा ओटा यांच्यामध्ये एक लाकडी फळी टाकली होती. प्रत्येक हमाल पाठीवर पोतं घेऊन फळीवर पाय ठेवताना टाच आधी टेकवत होता, बोटं नंतर. पोतं अंगावर घेण्याआधी त्याला गुडघ्यानं एक हलका धक्का देत होता. का, ते मी विचारलं. आतला माल कुठल्या बाजूला बसलाय ते कळतं, मुकादम म्हणाले, आणि न कळता उचललं की कंबर गेलीच. पलीकडे मिरची निवडणाऱ्या बायका होत्या. तोंडाला ओला पदर बांधलेला, आणि वारा फिरला की त्यासरशी सगळ्या जागा बदलून बसत होत्या. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कारखान्यात अकरा वर्षं मी भिंतीवर भित्तिपत्रकं लावत आले होते. कामगाराला काय ठाऊक आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

परत येताना मी स्कूटरच्या मागच्या सीटवर वही उघडून लिहायला लागले. सिग्नलला बाईंनी मागे वळून पाहिलं. पडाल, एवढंच म्हणाल्या. माझं मात्र डोकं धावत होतं. विद्यार्थी आधी सहा आठवडे कामाच्या जागी जातील, तिथली अनुभवी माणसं त्यांना शिकवतील, आणि त्यानंतर वर्गात बसून यंत्रं आणि कायदे. म्हणजे सगळा अर्ज उलटा करायचा होता. मी जुन्या बावीस पानांतली चारच ठेवली.

छाननीत आम्ही टिकलो आणि समितीसमोर सादरीकरणाला बोलावणं आलं. मी मुकादमांनाही सोबत नेलं. ते पांढरा शर्ट घालून आले होते आणि खुर्चीच्या कडेवर बसले होते. समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी अर्जाचं पान उलटून विचारलं, की हे हमाल शिकवणार म्हणता, तर यांची पात्रता काय? मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि मुकादमांकडेच वळले. "आपण काय शिकवाल मुलांना?"

मुकादम खुर्चीवरून उठले. "फळीवरनं माणूस कुठं पडतो, ते मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "मी तीनदा पडलोय. तिन्ही जागा दाखवीन."

प्राध्यापकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर मी मुकादमांना म्हटलं, तुम्ही जिंकलात. ते म्हणाले, चहा कुठं मिळतो इथं?

निकाल आला तेव्हा मी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षणाला होते. प्राचार्य स्वतः दारात येऊन उभे राहिले, जे ते कधीच करत नाहीत. त्यांनी हातातला छापील कागद माझ्यापुढे धरला. मंजूर. आम्ही मागितल्याच्या निम्म्या जागा, निम्मी यंत्रं, पण कामाच्या जागेवरचे सहा आठवडे जसेच्या तसे. "अभिनंदन," ते कुजबुजले. "आता शिकवावं लागेल." आणि निघून गेले.

पेपर संपायला अजून दीड तास होता. साठ मुलं मान खाली घालून लिहीत होती आणि मला ओरडावंसं वाटत होतं. मी हॉलमध्ये इतक्या चकरा मारल्या, की एका मुलीनं शेवटी विचारलं, मॅडम, माझं काही चुकलंय का? मी तिला एक जास्तीची पुरवणी दिली. तिनं ती मागितली नव्हती.

शेवटची घंटा झाल्यावर जिन्यातूनच बाईंना फोन लावला. त्यांनी ऐकलं, मग म्हणाल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय आणि हे मी कुणाला सांगायचं नाही. मुकादमांना फोन केला तेव्हा मागे पोती आपटल्याचे आवाज येत होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की पोरं किती आणि त्यात पोरी हायत का.

"निम्म्या जागा पोरींसाठीच आहेत," मी म्हटलं.

"मग मिरचीवाल्या बायांना आजच सांगतो," ते म्हणाले. "त्याबी शिकवतील."

मी वही काढली आणि तिथंच, जिन्यात बसून, त्यांनी सांगितलेली पाच नावं शिक्षकांच्या यादीत वाढवली.