तुटलेला खांब

स्कूलबसची चावी फिरवण्याआधी नजीरचाचा तळहाताने उजवा डोळा झाकत, मग डावा, आणि दोन्ही वेळा समोरच्या खताच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचत. बसमधली पोरंही त्यांच्या सुरात सूर मिसळत. कुणी फिदीफिदी हसलं की चाचा मागे वळून म्हणत, "हसा बे! पण तुमची माय तुमाले माह्या डोयाच्या भरोशावर धाडते."

चाचा देऊळघाटातले आमचे शेजारी. तापट, सरळ, आणि खोटं बोलताना हमखास कान खाजवणारे. शौक एकच, बस चालवायचा कॉम्प्युटर गेम. दिवसभर बस आणि संध्याकाळीही बसच, म्हणून चाची त्यांना टोमणे मारत. "इथं पोट्टे बोंबलत नाहीत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांचा मुलगा इरफान पुण्यात नोकरीला. ईदला आला तेव्हा त्याने त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये भारीतलं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं. मॉनिटर मात्र जुनाच राहिला.

थोड्याच दिवसांत चाचा एकाएकी रजेवर गेले. ताप आहे म्हणाले आणि कान खाजवला. माझी मुलगी सई त्याच बसने शाळेत जायची, त्यामुळे मला राहवेना. मी त्यांच्या घरी गेलो.

चाचांनी आधी दार लोटून घेतलं. "कोणाले सांगू नको. मले खांब तुटके दिसून राह्यले. गेममधी, घाटाच्या वळणावर. अब्बाचे डोये असेच गेले. आधी खांब वाकडे, मंग सारा अंधार."

"आणि रस्त्यावरचे खांब?"

"ते बराबर दिसतात. पण भरोसा कसा धरू? मांगं लेकरं बसली असतात."

"डॉक्टरांना दाखवा ना."

"त्यानं लिहून देलं का बस गेली. मंग मी काय करू बे?"

त्यांनी गेम सुरू केला. टेबलावरचं गेमचं स्टेअरिंग धरलं. वळण आलं. चाचा स्क्रीनकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते. "तुले दिसते का?"

विजेचा खांब मधोमध तुटला आणि वरचा तुकडा बाजूला सरकला.

"दिसतो! चाचा, मलाही दिसतो!"

"माह्या दिलासाठी बोलू नको. कुठी तुटला, बोट ठेव."

मी बोट ठेवलं. चाचांनी ते पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरून ते लहान मुलासारखे रडले.

दोष डोळ्यांचा नव्हताच. नवं कार्ड इतक्या झपाट्याने चित्रं पाठवत होतं की मॉनिटरवर एक पुरतं उमटायच्या आत दुसरं येऊन आदळे. वर एकाचा भाग, खाली दुसऱ्याचा. मी सेटिंगमध्ये जाऊन व्ही-सिंक सुरू केलं, तेव्हा कार्ड मॉनिटरसाठी थांबू लागलं. खांब सरळ झाला. तरी चाचा कुरकुरले, "स्टेरिंग जड झालं. मी फिरवतो, अन् बस मांगून वळते." मग फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या चित्रांची, मर्यादाही मॉनिटरच्या वेगाला बांधली. आता कुठे त्यांनी मान डोलावली. "एवढं ताकदीचं कार्ड, अन् त्याले थांबता येत नाही!" दुसऱ्या दिवशी ते बसवर हजर झाले.

काही वर्षांनी एका संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा हाक मारली. तोच गेम, तेच वळण. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. "तुले दिसते का?"

खांब सरळ होता. मी सेटिंग उघडलं. व्ही-सिंक चालूच होतं. बंद करून पुन्हा सुरू केलं, मशीनही बंद-चालू केली. पुन्हा वळण, पुन्हा तोच सरळ खांब. "हो" अगदी ओठांवर आलं होतं. पण सई अजून त्याच बसने जात होती.

"नाही चाचा," मी म्हणालो. "खांब सरळ आहे."

चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग स्वतःच कॉम्प्युटर बंद केला.

चाचांनी रात्रीच शाळेत कळवलं. सकाळी नवा ड्रायव्हर आला. चाचा बसच्या दाराशी चावी मुठीत धरून उभे होते. "आधी एक डोया झाक, मंग दुसरा. अन् थे पाटी वाच." ड्रायव्हर गोंधळला, पण त्याने दोन्ही वेळा पाटी वाचली. पोरांनीही त्याच्याबरोबर जोरात वाचली. चाचा तेवढे गप्प होते. त्यांनी चावी त्याच्या हातात दिली.