काकडीची पहिली फोड

आमच्या मित्राच्या तोंडाची चव गेली होती आणि ती गोष्ट त्याने वर्षभर लपवली. आमच्यापासून लपवली ते ठीक, पण मुख्य म्हणजे बायकोपासून. मी दर शनिवारी त्याच्यासमोर बसून जेवत होतो आणि मला पत्ता लागला नाही, याचा मला अजून राग येतो. त्याचा नव्हे, माझाच.

आम्ही तिघे शाळेपासूनचे. तिघेही निवृत्त, तिघेही पनवेलमध्येच. तिसरा मितभाषी, त्यातून मधुमेही. त्यामुळे टेबलावर बोलायचं काम माझं आणि नावं ठेवायचं काम ह्या मित्राचं. नाकाने कांदे सोलणं म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसायला माणसं कचरत, कारण वाढप्याला थांबवून तो आमटीची चौकशी करी. घरी तो पहिला घास घेईपर्यंत बायको पळी धरून उभी राही. मग तो चूक काढी, ती उलट बोले आणि दोघांची जुंपे. त्यांचा अडतीस वर्षांचा संसार ह्या भांडणावर अगदी छान चालला होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बंगल्याच्या तळमजल्यावर हॉटेल निघालं. पाटीवर लिहिलेलं, 'फार्म टू टेबल'. भाजी शेतातून नाही तर काय कारखान्यातून येणार, असं मी मोठ्याने म्हटलं आणि आत जाऊन बसलो. चालवणारी बाई पस्तिशीची. तिच्या सासरचं शेत पळस्प्याच्या पुढे, हायवेने गिळून उरलेलं. सकाळी तिथे जे तोडलं जाई ते ती खडूने फळ्यावर लिही आणि दुपारी तेवढंच मिळे. पडवळ संपलं की संपलं. स्वयंपाकघर तिच्या सासूच्या ताब्यात होतं. त्यांना आम्ही मावशी म्हणायचो.

पहिल्याच शनिवारी आमच्या मित्राने भेंडी खाऊन सांगितलं, ही आजची नाही, कालची आहे. सूनबाई आत विचारून आली आणि तिने कानाला हात लावला. तेव्हापासून एक रिवाजच पडला. मावशींचा शनिवारचा उपास. संध्याकाळी दिवा लागेपर्यंत त्या तोंडात काही घालत नसत, त्यामुळे हाताखालचं अन्न चाखणंही बंद. मग दर शनिवारी काकडी चिरण्यापूर्वी तिचं टोक कापून, घासून, फेस काढून त्या पहिली फोड बशीतून आमच्या टेबलावर पाठवत. मित्र ती खाई, डोळे मिटी आणि म्हणे, "गोड आहे, चिरा." मगच सगळ्या गिऱ्हाइकांची कोशिंबीर होई. त्याला ह्या मानाचं फार अप्रूप होतं.

गेल्या वर्षी त्याला जोरदार ताप आला. बरा झाला आणि त्यानंतर तो सगळ्याला छान म्हणू लागला. मी त्याची यथेच्छ टिंगल केली. "म्हातारपणी देव झालास," म्हटलं. "तुझ्या जिभेला गंज चढलाय," असंही म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. तो हसायचा.

गणपती नुकतेच गेले होते. त्या शनिवारी काकडीची फोड आली, त्याने खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाला, "गोड आहे, चिरा." दहा मिनिटांत ताटं आली. मी कोशिंबिरीचा घास घेतला आणि थुंकायला रुमाल शोधू लागलो. कडूजहर. तिसऱ्याने वाटी बाजूला सारली. पलीकडच्या टेबलावरची लहान मुलगी रडायलाच लागली. मित्र मात्र शांतपणे अर्धी वाटी संपवून बसला होता.

सूनबाई प्रत्येक टेबलापाशी जाऊन माफी मागत वाट्या उचलू लागली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जरा चढ्या आवाजात म्हणाली, "आई, काकडी नीट घासली नव्हती का? आज एवढी माणसं आहेत!"

आतून मावशींचा आवाज आला, "माजाच चुकला गं. माजेच हातून ऱ्हायला असल."

मी मित्राला म्हणालो, "अरे, तू चाखली होतीस ना? मग?" मला वाटलं, मी त्याला चिमटा काढतोय. त्याचा चेहरा बघितला आणि माझं हसू विरलं. तो उठला, उष्ट्या हातानेच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला.

"मावशी, चूक तुमची नाही," तो म्हणाला. "मला कडू कळलंच नाही. तापानंतर मला काहीच कळत नाही. कडू नाही, गोड नाही, वास नाही. दर शनिवारी मी अंदाजाने सांगत होतो."

मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. रागावतील असं मला वाटलं होतं.

"घरी म्हाईत हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कारभारीन इचारीत नाय, कसा झालाय म्हनून?"

"विचारायची. मी छान म्हणतो. आता विचारत नाही. मावशी, तिला हे कळलं तर ती रांधणार कोणासाठी?"

"येडा हायस तू, भाऊ," मावशी म्हणाल्या. "तिला काय वाटत असल, त्याचा इचार केलास? जा. हात धू नि घरी जा."

तो खरंच गेला. ताट तसंच राहिलं. आम्ही दोघे पुढे काय जेवलो ते मला आठवत नाही. वर्षभर मी त्याला काय काय बोललो तेवढंच आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "भावजी, मागच्या महिन्यात मी तीन दिवस आमटीत मीठच घातलं नाही. मुद्दाम. तिन्ही दिवस छान म्हणून जेवला. मी मोरीत जाऊन रडले. म्हटलं, आता ह्या माणसाला माझ्याशी भांडावंसंसुद्धा वाटत नाही."

मी म्हटलं, "वहिनी, आम्हीही ओळखलं नाही हो."

"तुम्ही कसले ओळखता! मी त्याच्यासमोर रोज तीन वेळा बसते, मी नाही ओळखलं." ती नाक ओढत होती, पण आवाज हलका झाला होता. मागून भांड्यांचा आवाज येत होता. "बरं, ठेवते आता. पानं घेतलीत. आजची आमटी कशी झालीय, ते त्याला मी सांगणार आहे."