कुमुद त्याला उष्णता म्हणाली

कुमुदला मी शेवटचं पाहिलं ते भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात, काचेच्या दारातून. ती कुठेही भाजली नव्हती. घरात काही पेटलं नव्हतं, सांडलं नव्हतं. तरी तिच्या पाठीची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटत होती, आणि नर्स तिच्या मिटलेल्या डोळ्यांत थेंब घालायचा प्रयत्न करत होती... ईशा, अर्णव, तुम्ही फोनवर विचारलंत, काकूआजीला नेमकं झालं काय? मी म्हटलं, औषधाची रिअॅक्शन. फोनवर एवढंच सांगितलं, म्हणून बाकीचं आता लिहिते आहे.

कुमुद माझी धाकटी जाऊ, काटोलच्या संत्रेवाल्यांची मुलगी. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. "ताई, तुमी भांडतानाही फळ्यावर लिहिल्यासारख्या बोलता," असं ती सगळ्यांदेखत म्हणायची. दोघींचे नवरे गेल्यावर एकाच घरात आम्ही दोघी उरलो, मी वर, ती खाली. नागपूरच्या उन्हाळ्यावर तिचा हात बसलेला. कोणाला ऊन लागलं, कोणाचा घोळणा फुटला, की गल्लीतली माणसं आधी तिच्याकडे येत आणि मग डॉक्टरकडे. कैरीचं पन्हं, भिजवलेला सब्जा, तळपायाला कांद्याचा रस. बहुतेकांना बरंही वाटे, हे मला कबूल करावं लागे.

गेल्या हिवाळ्यात तिच्या उजव्या गालात कळ येऊ लागली. दात काढला, तरी ती जाईना. वाऱ्याची झुळूक लागली तरी कुमुद बोलता बोलता थांबायची, हात गालापर्यंत न्यायची, पण टेकवायची नाही. चावणं बंद झालं, चेहरा धुणं बंद झालं. एप्रिलमध्ये मेंदूच्या डॉक्टरांनी चेहऱ्याच्या नसेचं दुखणं म्हणून एक गोळी सुरू केली. मी शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "पहिले काही आठवडे लक्ष ठेवा. पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी इकडे या." कुमुदने मान डोलावली.

गोळी लागू पडली. एक दिवस ती भाकरीचा तुकडा मोडून सावकाश चावत बसली होती. मला पाहून म्हणाली, "मले वाटलं होतं, आता मरेपर्यंत पातळ भातच." आणि रडली. कळा येत असताना ती कधी रडली नव्हती.

मे महिन्यात तिला बारीक ताप आला. डोळे चुरचुरायला लागले, तर म्हणे कूलरचा वारा. ओठ सुजले, तोंड आलं, तर म्हणे उष्णता. मग छातीवर आणि गळ्यावर लाल ठिपके उठले.

"कुमुद, डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं."

"घामोळ्या होत त्या, ताई. पंचेचाळीस डिग्रीत का गुलाब फुलतीन अंगावर?"

"खाजतात?"

"नाई. दुखून राहिल्या."

मी तिच्यासमोरच दवाखान्यात फोन लावला. लगेच घेऊन या, असं उत्तर आलं. मी ऑटो बोलावला. तिने आत जाऊन कडी लावून घेतली.

"कडी काढ, कुमुद."

"गेली तर ते गोळी बंद करतीन." आतून तिचा आवाज आला. "अन् थे कळ परत आली तर तुमी घ्यान का आपल्या गालात?... उद्या जाऊ. आज मले जेवू द्या."

बंद दाराशी मी बराच वेळ बोलत होते. ऑटोवाला कंटाळून निघून गेला. तिला उन्हाळा कळत नव्हता असं नाही. आजार उष्णतेचा असता तर गोळी चालू राहिली असती, एवढंच तिला हवं होतं. सकाळी तिने स्वतःच दार उघडलं. ठिपके काळपट झाले होते, त्यांच्यावर फोड धरले होते, आणि तिला थुंकी गिळता येत नव्हती.

डॉक्टर रागावले नाहीत. हजारोंना हे औषध सोसतं, म्हणाले, क्वचित एखाद्याचं शरीर असं उलटतं. मग जिथे पहिला ठिपका दिसतो तिथेच थांबवावं लागतं. वॉर्डात अजून थोडं बोलता येत होतं तेव्हा तिने मला विचारलं, "गोळी बंद केली न ह्यायनं?" मी हो म्हटलं. जरा वेळाने सुजलेल्या ओठांतून म्हणाली, "कळ नाई आली, ताई. अजून तरी नाई आली..." त्यानंतर तिला बोलता आलं नाही.

आता खाली कोणी राहत नाही. तरी माणसं येतात. परवा पलीकडच्या शालूबाई आल्या आणि सवयीने "कुमुदताई" अशी हाक मारून बसल्या. मी जिना उतरून गेले. त्या पदराने तोंड पुसत होत्या. दंडावर लाल चट्टे उठले होते.

"काही नाई वं ताई, गरमी," त्या म्हणाल्या. "कुमुदताई असती तर काईतरी लावून दिलं असतं."

"नवीन गोळी कुठली सुरू झाली आहे का?"

त्यांनी आठवून पाहिलं. "बीपीची बदलली न. पण त्याचं काय?"

मी त्यांना कुमुदच्या पायरीवर बसवलं, आणि चप्पल घालून ऑटोला हात केला.