दिवे निवेपर्यंत

गाडीची किल्ली फिरवली की शालनवहिनी श्वास रोखून धरायच्या. समोरचे लाल-पिवळे दिवे क्षणभर एकदम पेटतात आणि मग जातात. गाडी स्वतःची तपासणी करते, एवढेच. मी हे त्यांना कितीदा समजावले. तरी शेवटचा दिवा जाईपर्यंत त्यांचा हात शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या, रघुवीरभाऊंच्या मनगटावर असायचा. 'विझले' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. "निवले सगळे, चला," म्हणायच्या आणि मगच गिअर टाकायच्या.

डिचोलीत आमची घरे भिंतीला भिंत लावून आहेत. भाऊंच्या किडन्या गेलेल्या, त्यामुळे दिवसाआड म्हापशाला डायलिसिस. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या वहिनी पालीला भीत, विजेला भीत, खनिजाच्या ट्रकांना तर फारच. तरी गाडी त्याच चालवायच्या, कारण दुसरे कोणी नव्हते.

एके सकाळी इंजिनाचा पिवळा दिवा निवलाच नाही. गॅरेजवाला म्हणाला, "सेन्सर आसतलो बाय, बिनधास्त चलयात." वहिनी आणि बिनधास्त! त्या थेट माझ्याकडे आल्या. "दिवो कित्याक पेटलो तें घरांतच सांगपी यंत्र मेळटा म्हणटात. म्हाका एक बघून दी गे. भाऊ बाजूक आसतना वाटेर गाडी थांबली जाल्यार हांव कितें करूं?" दिवा का पेटला ते घरीच सांगणारे यंत्र त्यांना हवे होते.

मी दोन यंत्रे शोधली. एक काडेपेटीएवढे, स्टिअरिंगखाली खोचायचे आणि बिघाड फोनवर वाचायचा. दुसरे वायरीचे, स्वतःचा पडदा असलेले. मला पहिले आवडले. वहिनी म्हणाल्या, "फोनार हॉस्पिटलाचो फोन येतलो. तो गाडयेची नाडी बघत बसलो जाल्यार?" मुद्दा बिनतोड होता, पण भित्र्या माणसाला स्वतःचा मुद्दाही पुरत नाही. त्या देवळात कौल लावायला निघाल्या. यंत्राच्या खरेदीला कौल! मी वाटभर हसले.

गुरवाने देवाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. "मागणें निवळ सांग, बाय," तो म्हणाला; निवळ म्हणजे स्वच्छ, स्पष्ट. वहिनींनी हात जोडले, "गाडी वाटेर थांबची न्हय, देवा. वायरीचें यंत्र घेवं?" उजवी पाकळी पडली.

यंत्राने पहिल्याच दिवशी सांगितले की इंजिनाचा एक सिलिंडर नीट पेटत नाही. गॅरेजवाल्याने ठिणगी पाडणारी कॉइल बदलली, दिवा गेला. यंत्रावर दिवा पुसून टाकायचे बटणही होते. त्यावर वहिनींनी चिकटपट्टी लावली. "चुकून पुसलो जाल्यार भियेवचें कित्याक तेंच कळचें ना." भ्यायचे कशाला तेच न कळणे, ही त्यांची नवी भीती. पुढे दर फेरीआधी यंत्र जोडून बघायचे, हा त्यांचा नेम झाला.

एके दिवशी म्हापशाला जाताना मीही मागच्या सीटवर होते. यंत्राने बिघाड नाही म्हणून सांगितले. दिवे निवले. वहिनींना इतके मोकळे मी कधी पाहिले नव्हते. अस्नोड्याच्या पुढे तर त्या शाळेतल्या गमती सांगू लागल्या. भाऊंची मान खिडकीकडे कलली होती. डोळा लागला असेल म्हणून आम्ही आवाज खाली आणला. हॉस्पिटलच्या दारात गाडी उभी करून वहिनींनी त्यांचे मनगट धरले आणि माझ्याकडे वळून पाहिले. त्या मनगटाला नाडी नव्हती; भाऊ वाटेतच गेले होते.

बारावे-तेरावे झाल्यावर त्या एकदाच बोलल्या. "देवाक बोल लावूं नाका गे. गुरवान म्हणलेलें, मागणें निवळ सांग. हांवें गाडयेचेंच मागलें. गाडी खंय थांबली?"

वहिनी अजून गाडी चालवतात. बाजाराला जाताना मी भाऊंच्या जागी बसते. किल्ली फिरली की त्या माझे मनगट धरतात. दिवे निवतात, गाडी रस्त्याला लागते, तरी तो हात लवकर सुटत नाही. मीही तो सोडवून घेत नाही.