अधिक महिन्याचे चोपन्न रुपये

दिनांक ५ मे १९५४, बुधवार, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण. रक्कम रुपये चार हजार. जागा नंदुरबारातल्या आमच्या घराची ओसरी. हजर: पैसे घेणारा मी, देणारे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सारंगखेड्याचे कापसाचे व्यापारी, माझे चुलते, आणि दस्त लिहिणारा. बहीण आणि माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पण दस्तात त्यांचा उल्लेख नाही.

व्याज दरमहा दरशेकडा बारा आणे. मुदत आठ वर्षं. दर आखाजीला चारशे रुपये मुद्दल आणि वर्षाचं व्याज द्यायचं, आणि आठव्या आखाजीला जी बाकी उरेल ती एकरकमी. ती दिली नाही तर घराचा ताबा दाजींचा.

ते चार हजार मी एक तासही जवळ ठेवले नाहीत. चुलत्यांना त्यांच्या अर्ध्या घराच्या हिश्श्याचे पैसे हवे होते, नाहीतर ते तो हिस्सा परक्याला विकणार होते. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, पिशवीत घातल्या आणि जेवायला न थांबता गेले. दाजी मात्र जेवले. खापरावरच्या सात पुरणपोळ्या आणि रस. मी मोजल्या, कारण त्या दिवसापासून मला या माणसाचं सगळंच मोजायची सवय लागली.

आमच्याकडे आखाजीला सालदाराचं, म्हणजे सालगड्याचं, वर्ष संपतं आणि नवं सुरू होतं, आणि त्याच सणाला लेकी माहेरी येतात. त्यामुळे पुढची आठ वर्षं असं झालं की आक्का माहेरी आली की तिच्या मागोमाग वहीसुद्धा यायची. बहिणीला लुगडं द्यायचं आणि तिच्या नवऱ्याला व्याज. एकाच दिवशी, एकाच ओसरीवर.

दाजी व्यवहाराला बसले की शुद्ध मराठी बोलत आणि जेवायला बसले की अहिराणी. वही उघडताना म्हणत, "सालेसाहेब, आपण नातेवाईक आहोत, म्हणूनच हिशेब चोख असावा." ताटावर बसले की, "वाढ व माय, आते काय परका शे का मी!" मला दोन्ही भाषांत हा माणूस आवडत नव्हता.

मी कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हेडक्लार्क होतो. कारखान्याचा सरकारमान्य प्रॉव्हिडंट फंड होता. पगारात रुपयामागे एक आणा सक्तीने कापला जाई. मी अर्ज करून दोन आणे कापून घ्यायला लागलो. फंडात आणि विम्याच्या हप्त्यात जाणाऱ्या रकमेवर प्राप्तिकरात सूट मिळते, हे आमच्या कारखान्यात माझ्याशिवाय कुणाला नीट माहीत नव्हतं. मला त्याचा अभिमान होता. पहिल्या वर्षी माझी कराची बचत झाली नऊ रुपये सहा आणे.

बायकोने ते ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"नऊ रुपया! नऊ रुपयामा लुगडं येस का?"

"प्रश्न लुगड्याचा नाही. कायद्याने मिळते ती सूट घ्यावी."

"दाजीले बारा आणा देतस, फंडमा पाच आणा भेटतस. आनि म्हणे हिशोब येस!"

तिचं गणित बरोबर होतं. फंडावर शेकडा पावणेचारच्या आसपास वर्षाला मिळत होतं आणि दाजींना मी शेकडा नऊ देत होतो. तो जादा आणा मुद्दलात टाकला असता तर गहाण लवकर सुटलं असतं. पण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. फंडाच्या पैशावर कोणताही सावकार जप्ती आणू शकत नाही. घर गेलंच, तर दाजींचा हात पोचणार नाही अशी एक तरी रक्कम मला हवी होती. करसवलत हे लोकांना सांगायचं कारण होतं. खरं कारण दाजी होते.

सवलतीसाठी दरवर्षी विवरणपत्र भरावं लागे. त्याला चार कागद जोडायचे: विम्याची पावती, फंडाचा उतारा, घरभाड्याचा तपशील आणि गहाणावर दिलेल्या व्याजाची चिठ्ठी. भाडं म्हणजे पुढच्या खोलीतल्या शिंप्याचं, महिना बारा रुपये. वडिलांच्या वेळेपासूनच्या रिवाजाप्रमाणे तो ते दर पौर्णिमेला आणून देई आणि मी त्याच दिवशी टिपून ठेवी. व्याजाची चिठ्ठी दाजींकडून मिळवणं हा वेगळा त्रास होता. एका साली त्यासाठी मी सारंगखेड्याला दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला ते झोपाळ्यावर बसून म्हणाले, "सरकारला सगळं दाखवता वाटतं? आमच्या दुकानात या कधी, आम्हाला पण शिकवा सरकारला भ्यायला." मग माझ्याच पेनने सही केली आणि पेन स्वतःच्या खिशाला लावलं. मी मागून घेतलं.

या आठ वर्षांत तीन अधिक महिने आले. पंचावन्न साली अधिक भाद्रपद, अठ्ठावन्नला अधिक श्रावण, एकसष्टला अधिक ज्येष्ठ. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण आणि तेहतीस अनारशांचं वाण देतात. वडील नव्हते, म्हणून ते मी द्यायचं. तिन्ही वेळा दाजी आले. पहिल्या वेळी चांदीचं निरांजन, दुसऱ्या वेळी धोतरजोडी. तिसऱ्या वेळी माझी ऐपत नव्हती, नुसते अनारसे दिले. तेव्हा त्यांनी पाटावर बसूनच ताटाखाली काही ठेवलंय का ते पाहिलं.

एकसष्टच्या आखाजीला चारशे भरल्यावर मुद्दल राहिलं बाराशे. पुढच्या आखाजीला मुदत संपत होती. पुढच्या वर्षाचं व्याज महिना नऊ रुपये, बारा महिन्यांचे एकशे आठ. एकूण तेराशे आठ. त्या वर्षी घराचं छप्पर नव्याने घालावं लागलं, त्यामुळे पगारातून फक्त एकशे आठ उभे राहत होते. बाराशेसाठी मला माझ्याच फंडापुढे हात पसरावा लागला. नियमाप्रमाणे तीन महिन्यांचा पगार उचल म्हणून मिळे, आणि माझा पगार तेव्हा चारशे होता. मॅनेजरने अर्ज वाचला.

"कारण लिहिलंय, घराचं गहाण सोडवणे. मग इतकी वर्षं दुप्पट वर्गणी कशाला भरत होता?"

"करात सूट मिळते."

तो हसला आणि शेजारच्या कॅशियरलाही वाचून दाखवलं. उचल मंजूर झाली. दरमहा पन्नासप्रमाणे चोवीस हप्ते, व्याज निराळं. म्हणजे पुढची दोन वर्षं मी माझ्याच पैशाचा कर्जदार होतो.

७ मे १९६२, सोमवार, आखाजी. जेवणं उरकली. दाजींनी हात पुसले, वही काढली आणि भाषा बदलली.

"बोला सालेसाहेब, किती आणलेत?"

मी तेराशे आठ त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मोजले, बाजूला ठेवले, पण दस्त बाहेर काढला नाही.

"चोपन्न कमी आहेत."

"कसले?"

"धोंड्याच्या महिन्यांचं व्याज. पंचावन्नला महिना सत्तावीस, अठ्ठावन्नला अठरा, गेल्या साली नऊ. तुम्ही दरवर्षी बाराच महिन्यांचं देत आलात. मी नातं म्हणून बोललो नाही, वहीत मात्र लिहून ठेवलं आहे."

वहीत खरोखरच तीन नोंदी होत्या, वेगवेगळ्या वर्षांच्या. इतकी वर्षं त्यांनी हे जपून ठेवलं होतं आणि काढलं तेव्हा मुदत संपायला तेवढीच दुपार राहिली होती.

"आखाजी ते आखाजी म्हणजे एक वर्ष," मी म्हणालो.

"दस्तात दरमहा लिहिलंय. दरवर्ष नाही. आमचा महिना तिथीचा."

आतून बायको म्हणाली, "धोंडाना महिनामा अनारसा खाधात, आनि त्याच महिनानं व्याज बी?"

"बाईमाणसांनी व्यवहारात बोलू नये," दाजी म्हणाले. माझी बहीण तिच्याशेजारीच बसली होती.

माझ्याकडे पुरावा होता. मी ट्रंकेतून प्राप्तिकराचा गठ्ठा आणला. मागच्या सातही वर्षांच्या चिठ्ठ्या त्यात होत्या, दाजींच्या सहीच्या: सालचं व्याज पोचलं, इतके रुपये. पंचावन्न सालची वर काढून मी त्यांच्यासमोर धरली. तीनशे चोवीस, म्हणजे सत्तावीस गुणिले बारा.

दाजींनी चिठ्ठीकडे बघितलंसुद्धा नाही. ती ज्या पानाला टाचणीने लावली होती, ते पान उलटं केलं. त्यावर माझ्या अक्षरात भाड्याचा तपशील होता. ते बोट ठेवून मोजत गेले. अकरा, बारा, तेरा. मग अठ्ठावन्न सालचं पान काढून मोजलं. तेरा. मग गेल्या सालचं. तेरा.

"एकशे छप्पन," ते वाचू लागले. "बारा रुपयांप्रमाणे बारा महिन्यांचे होतात एकशे चव्वेचाळीस. सालेसाहेब, शिंप्याकडून धोंड्याचं भाडं घेता, आणि माझं व्याज देताना वर्ष इंग्रजी?"

ती माझीच चूक होती आणि ती मला आठ वर्षांत दिसली नव्हती. शिंपी पौर्णिमेला पैसे आणून देई, मी टिपून घेई, सरकारला एक पैही न लपवता दाखवत असे. ते तेरा कसे होतात, असा प्रश्न पडलाच नाही. येणाऱ्या पैशांना मी कधी महिना विचारला नव्हता.

दाजी खूश होते. "म्हणून म्हणतो, सरकारला सगळं दाखवू नये."

मी हिशेब केला. अधिक महिना धरायचा, तर दाजींना चोपन्न द्यायचे. धरायचा नाही, तर शिंप्याचे छत्तीस परत करायचे. मी शिंप्याला हाक मारली. सण असूनही त्याचं मशीन चालू होतं. तो गळ्यात टेप घेऊनच आला. मी त्याला सांगितलं, तीन अधिक महिन्यांचं भाडं चुकून घेतलं गेलं, ते परत देतो, दाजी साक्षीला आहेत.

त्याने दाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माणूस हुशार होता.

"साहेब, त्रेपन्नना वैशाख बी अधिक व्हता. मी एक्कावनपासून शे आठे."

"ते वडिलांनी घेतलं."

"घर तर तेच शे ना?"

दाजी मोठ्याने हसले. मी म्हणालो, ठीक, चारांचे अठ्ठेचाळीस.

अठ्ठेचाळीस रुपये माझ्या खिशात नव्हते. घरात एका डब्यात पन्नास होते, त्या साली आधी जमलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बाजारातून आक्काला लुगडं घ्यायला ठेवलेले. मी आत जाऊन डबा मागितला.

बायकोने तो धरून ठेवला. हळू आवाजात म्हणाली, "हाई बाईनं लुगडं शे."

"चोपन्नपेक्षा अठ्ठेचाळीस कमी आहेत."

"सहा रुपयाकरता?"

"सहा रुपयांकरता नाही. त्यांच्या हातात जायला नकोत."

आक्का तीन हातांवर बसली होती. तिने सगळं ऐकलं. डबा बायकोच्या हातातून तिनेच घेतला आणि माझ्याकडे दिला. "हिशोब बराबर शे ना भाऊ? मंग झायं." इतकंच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काही उत्तर दिलं असतं.

मी अठ्ठेचाळीस रुपये ओसरीवर शिंप्याच्या हातात मोजले आणि त्याचा अंगठा घेतला. मग दाजींना म्हणालो, "आता या घरात अधिक महिना कुणाचाच धरलेला नाही. दस्त द्या."

शिंपी तिथेच उभा होता, आणि परक्या माणसासमोर त्यांना मागे सरता येईना. शेवटी त्यांनी दस्त काढला आणि पाठीमागे लिहिलं, मुद्दल व व्याज भरून पावलो. सही केली. पेन माझंच होतं. या वेळी त्यांनी ते परत दिलं.

आक्का एरवी आखाजीला आठ दिवस राहायची. त्या संध्याकाळच्या मोटारीने ती दाजींबरोबर गेली. पुढच्या आखाजीला आली नाही. त्याच्या पुढच्या आखाजीलाही नाही. त्रेसष्ट साली मी स्वतः न्यायला गेलो होतो. दाजींनी चहा दिला आणि म्हणाले, तिला बरं नाही. ती आतल्या खोलीत कुणाशी तरी चांगली बोलत होती.

मे १९६४ मध्ये फंडाचा चोविसावा हप्ता कापला गेला. जूनचा पगार पन्नास रुपयांनी मोकळा हाती आला. बायकोने डबा माझ्यासमोर ठेवला. मी पोस्टात जाऊन आक्काच्या नावे पन्नास रुपयांची मनीऑर्डर केली, कुपनावर लिहिलं, लुगड्याचे. नवव्या दिवशी ती परत आली. शेरा होता, घेण्यास नकार. सही तिचीच होती. लग्नाआधी तिला सही मीच शिकवली होती.

एकूण दिलं ते असं. दाजींना मुद्दल चार हजार आणि शहाण्णव महिन्यांचं व्याज. शिंप्याला अठ्ठेचाळीस. फंडाला बाराशे आणि त्यावरचं व्याज. आणि शेवटी पोस्टखात्याला मनीऑर्डरचं कमिशन पंचाहत्तर पैसे, जे परत मिळत नाही.