सरांनी सुधारलेला डोळा
डांबरगोळ्यांचा वास आला की ती दुपार आठवते. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचं ते कोळशाचं चित्र आत्याच्या ट्रंकेतून बाबांकडे आणि बाबांमागे दादाकडे-माझ्याकडे आलं होतं. ते आत्याच्या चित्रकलेच्या नामांकित सरांचं, असं सांगून दादानं शांती नगरच्या घरी गिऱ्हाईक बोलावलं. चहा पिता पिता आत्या म्हणाली, "वर्गात मी काढलं ते. सरांनी नेहमीसारखा त्यावरच एक डोळा सुधारून दिला." दादा उसळला, "आत्या, आत्ता सांगतेस?" "आधी कोणी विचारलं होतं?" गिऱ्हाईक हसलं, "मॅडम, सर का ही नाम रहने दो, आपका क्या जाता है?" मी चित्र उचललं. म्हटलं, "आत्याचं नाव आधी, नाहीतर विकायचं नाही." गिऱ्हाईक उठून गेलं, दादा महिनाभर धुसफुसला. चित्र अजून माझ्याकडेच आहे. खाली चौकटीवर आत्याच्या नावाची पितळी पट्टी मात्र मी त्याच आठवड्यात ठोकून घेतली.