बहारीनच्या वेळेवरचं घड्याळ

बहारीनमध्ये, हूरा भागातल्या ट्रॅव्हल एजंटाने डायरेक्ट विमान म्हणून दिलेल्या तिकिटावरच्या वेळा बघून माझं डोकंच फिरलं. मुंबईला जायला सहा तास आणि परत यायला जेमतेम एक! जाताना मधेच कुठेतरी उतरवणार, दुसरं काय?

"भाईसाब, इंडिया का टाइम ढाई घंटा आगे है," तो हसत म्हणाला. गोड बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी मनगटावरचं घड्याळ बहारीनच्याच वेळेवर ठेवलं. साडेतीन तासांत मुंबई आली. तरी परतीचा प्रवास तपासायचा होता, म्हणून गावी सुट्टीभर काटे हलवले नाहीत.

एका दुपारी बायकोने ताट वाढलं. मी घड्याळ बघून खेकसलो, "साडेदहाला कसलं जेवण?"

ती शांतपणे म्हणाली, "सुट्टी संपत आली, पण तुम्ही अजून घरी पोचलाच नाहीत."